रंग तिने निवडला, फ्रीज कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका मावशींचं स्त्रीधन ताब्यात घ्यायला आम्ही त्यांच्या सासरी गेलो होतो. बरोबर दोन हवालदार, दोन पंच, न्यायालयाचा आदेश आणि दारात उभा केलेला भाड्याचा टेम्पो. मावशींचं वय पन्नाशीच्या पुढचं, लग्न १९८९ सालचं. तीस वर्षांहून जास्त संसार केल्यावर नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि यांना नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. त्यांच्या माहेरच्या वस्तूंच्या यादीत पितळेचा हंडा, दोन कळशा, स्टीलची भांडी, शिलाई मशीन, मिक्सर आणि फ्रीज होता. फ्रीजपुढे यादी करणाऱ्याने लिहिलं होतं: 'फ्रीज नग १, एक दार, रंग हिरवा, जुना.'

स्वयंपाकघरात फ्रीज उभा होता. पण हिरवा नव्हता. पिवळट राखाडी म्हणता येईल असा काहीतरी होता. नवरा लगेच म्हणाला, "तिचा हिरवा होता तो कधीच भंगारात गेला. हा मी सेकंडहँड घेतलाय." हवालदारांनी यादीकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं आणि मावशींना विचारलं, "बाई, यात हिरवा कुठंय?"

"हिरवा नव्हताच हो," मावशी म्हणाल्या, "मेंदीचा होता. भिजवलेल्या मेंदीचा. उन्हानं असा झालाय."

हवालदार हसले. "असा रंग नसतो, बाई. हिरवा तरी म्हणा, पिवळा तरी म्हणा."

पंचांनीही मान डोलावली. पंचनाम्यात लिहिलं गेलं की यादीतील वर्णनाचा फ्रीज मिळून आला नाही. हंडा मिळाला, कळशा मिळाल्या, शिलाई मशीन मिळालं. फ्रीज तिथेच राहिला. परत येताना टेम्पोत मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, अख्ख्या लग्नात मला एकच गोष्ट विचारली होती. दुकानात वडलांनी विचारलं, कुठल्या रंगाचा घ्यायचा? मी बोट दाखवलं. नवरा कुणी विचारून दिला नव्हता, रंग तेवढा विचारला होता."

तेव्हापासून हे वाक्य माझा पिच्छा सोडत नाही. आमच्या मासिक बैठकीत मी म्हटलं की यावर लिहिणार आहे, तर एक मैत्रीण म्हणाली, "बायका जाळल्या जातायत, आणि तू फ्रीजच्या रंगावर लिहिणार?" हो, लिहिणार. जी बाई जळली नाही, जिवंत बाहेर पडली, तिला पुढे जगायचं असतं. ती काय घेऊन जगणार, हा प्रश्न तिचं काय आहे या प्रश्नाशी बांधलेला आहे. आणि तिचं काय आहे हे ओळखायचं कसं, सांगायचं कोणत्या शब्दांत आणि त्यातले कोणते शब्द सरकारी कागदावर चढणार, हा रंगाचा प्रश्न नसून सत्तेचा प्रश्न आहे.

'असा रंग नसतो' हे कोण ठरवतं?

मावशींच्या 'मेंदी'ला कागदावर जागा नाही. पण जवळपास याच रंगाची लाखो यंत्रं अमेरिकेत एका फळाच्या नावाने विकली गेली आहेत. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सत्तरीचं दशक सरेपर्यंत तिथल्या घराघरांत 'अव्होकाडो' रंगाचे फ्रीज, शेगड्या आणि भांडी धुण्याची यंत्रं होती. जोडीला 'हार्वेस्ट गोल्ड', म्हणजे पिकल्या शेताचा सोनेरी, दाट मोहरीसारखा पिवळा; आणि 'कॉपरटोन', म्हणजे कडांना गडद होत जाणारा तांबूस तपकिरी. पुढे सत्तरीच्या अखेरीस 'आमंड' आला. नावाने बदामी, पण आपण ज्याला बदामी म्हणतो त्याहून बराच फिकट, सोललेल्या बदामाचा. आज तिथे जुनी यंत्रं जमवणारे लोक या नावांवरूनच वस्तूचा काळ ओळखतात. कित्येक कंपन्यांच्या मॉडेल नंबराच्या शेवटी रंगाची अक्षरंही असत. म्हणजे कंपनीने फ्रीजला फळाचं नाव दिलं की तो रंग 'असतो', नोंदीत येतो, पन्नास वर्षांनीही ओळखला जातो. बाईने मेंदीचं नाव दिलं की तो रंग 'नसतो'.

ही नावं ठेवण्याचा उद्योग कसा सुरू झाला तेही पाहण्यासारखं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वयंपाकघरातली यंत्रं बहुतेक पांढरी असत. पांढरा म्हणजे स्वच्छ, आरोग्याचा. कापडाच्या धंद्यात मात्र रंगांना ठराविक नावं देऊन त्यांचे नमुने छापायची सोय १९१५ पासून तिथल्या एका व्यापारी संघटनेने केली होती. गंमत अशी की १९१९ पासून १९५४ पर्यंत त्या संघटनेचा कारभार मार्गारेट हेडन रोर्क या बाईंनी पाहिला, आणि या बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या होत्या! १९२९ साली गृहविज्ञानाच्या लेखिका क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी 'सेलिंग मिसेस कन्झ्युमर' हे पुस्तक लिहून कारखानदारांना समजावलं की घरातली खरेदी बाई करते, तेव्हा तिला काय आवडतं याचा अभ्यास करा. बाईला रंग कळतो हे व्यापाऱ्यांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्या पोलिसांना ते अजून कळायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कारखाने जोरात होते, घरं बांधली जात होती आणि युद्धकाळात कारखान्यांत काम केलेल्या बायकांना परत घरी पाठवलं गेलं होतं. नेमक्या या काळात स्वयंपाकघर रंगीत झालं. १९५५ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या यंत्रांचे रंग होते 'पेटल पिंक', 'कॅनरी यलो', 'कॅडेट ब्लू', 'टर्कॉइज ग्रीन' आणि 'वुडटोन ब्राउन'. पाकळी, पक्षी, सैनिकी शाळेतला पोरगा, रत्न आणि लाकूड! किचनएड कंपनीने त्याच वर्षी आपला पांढरा मिक्सर 'पेटल पिंक', 'सनी यलो', 'आयलंड ग्रीन' अशा रंगांत आणला. फ्रिजिडेअर ही कंपनी तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची होती. दरवर्षी मोटारीचं रूप बदलून जुनी मोटार जुनाट वाटायला लावायची, हा जनरल मोटर्सचा धडा. तोच फ्रीजला लागू झाला. यंत्र वीस वर्षं चालतं; वीस वर्षांत एकच विकून कंपनीचं कसं भागणार? तेव्हा यंत्र चालू असतानाच त्याचा रंग जुना करायचा. गुलाबी गेला, अव्होकाडो आला. अव्होकाडोची टिंगल सुरू झाली, आमंड आला. आणि 'तुमचं स्वयंपाकघर मागे पडलं' याची लाज कुणाला वाटायला लावायची? तिथे राबणाऱ्या बाईला.

या रंगांना राजकारणातही कामाला लावलं. २४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोत अमेरिकेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मांडलेल्या नमुन्याच्या घरात जनरल इलेक्ट्रिकचं लिंबासारखं पिवळंधमक स्वयंपाकघर होतं. त्याच्यापुढे उभं राहून अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर वाद घातला. आमच्या यंत्रांनी गृहिणीचं जगणं सोपं होतं, हा निक्सन यांचा दावा. बायकांकडे पाहण्याची ही भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, असा ख्रुश्चेव्ह यांचा टोला. दोन महासत्ता, दोन पुरुष आणि मध्ये ओटा. त्या ओट्याशी रोज कोण उभं राहतं आणि तिचं म्हणणं काय, हे दोघांपैकी कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

सोपं झालं ते कोणाचं?

यंत्रांनी बाईचा वेळ वाचला का? जोअॅन व्हॅनेक या संशोधिकेने १९७४ साली जुन्या पाहण्या तपासून दाखवलं की पूर्णवेळ घर सांभाळणारी अमेरिकन बाई १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होती आणि १९६० च्या दशकात ५५ तास. मधल्या काळात वीज आली, फ्रीज आला, कपडे धुण्याचं यंत्र आलं, आणि तास वाढले. रूथ श्वार्ट्झ कोवन यांच्या १९८३ सालच्या पुस्तकाचं नावच 'मोअर वर्क फॉर मदर' आहे. त्यांनी दाखवून दिलं की यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची घरातली कामं काढून घेतली, बाईची अपेक्षित पातळी मात्र वर चढवली. आठवड्याला बदलायचे कपडे रोज बदलायचे झाले. एक पदार्थ पुरत होता तिथे चार करायचे झाले. बेटी फ्रीडन यांनी १९६३ च्या 'द फेमिनिन मिस्टिक' मध्ये हे बाजाराच्या बाजूने मांडलं होतं: बाईला वाटलं पाहिजे की ती काहीतरी निर्माण करते आहे, निवडते आहे, पण घराबाहेर पडून खरंच काही करायला लागली तर विकायचं कुणाला?

आता खरी मेख ऐका. अव्होकाडो की हार्वेस्ट गोल्ड हे ठरवणाऱ्या या बाईला तो फ्रीज हप्त्याने घ्यायचा असेल तर? अमेरिकेत १९७४ चा समान पतहक्काचा कायदा होईपर्यंत बँका आणि दुकानं विवाहित बाईकडे बिनदिक्कत नवऱ्याची सही मागत, तिची स्वतःची कमाई असली तरी. म्हणजे जाहिरातीत तिचा फोटो, रंगाला तिच्या आवडीचं नाव, निवड तिची, पुसणं तिचं. आणि कर्जाच्या कागदावर सही त्याची. आमच्या मावशींना 'रंग कुठला' एवढंच विचारलं गेलं. हजारो मैल दूर, तिच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत घरातल्या बाईलाही तेवढंच विचारलं जात होतं. मालकी मागू नये म्हणून पुढे केलेली ही रंगाची तबकडी आहे.

आणि ते रंग पुसणारे हात? अमेरिकेतल्या त्या जाहिरातींत हसणारी बाई गोरी असे. अनेक घरांत ते फ्रीज पुसणारी बाई काळी होती. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्यातून घरकामगारांना वगळलं होतं. त्यांना त्यात जागा मिळाली ती थेट १९७४ साली. आपल्याकडे घरकामगारांच्या कल्याणाचा महाराष्ट्राचा कायदा व्हायला २००८ उजाडलं. ज्या बाईने वीस वर्षं एखादा फ्रीज पुसला तिला त्याचा मूळ रंग, पोचा, सुटलेलं रबर सगळं पाठ असतं. पण पंच म्हणून तिला कुणी बोलावत नाही. तिथे कोपऱ्यावरचा पानवाला आणि नवऱ्याच्या ओळखीचा दुकानदार येतो.

भांड्यांवर नाव घालतात, पण कोणाचं?

आपल्याकडे वस्तू ओळखण्याची एक जुनी रीत आहे. लग्नात दिलेल्या पितळी-स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायचं. भांड्यांच्या दुकानात टिकटिक करत नाव कोरून देणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मावशींचा हंडा आणि कळशा परत मिळाल्या त्या या कोरलेल्या नावामुळे. पण ते नाव कुणाचं होतं? हंड्यावर त्यांच्या मामांचं, कळशीवर त्यांच्या वडिलांचं. स्टीलच्या डब्यांवर माहेरच्यांनी हौसेने 'चि. सौ. कां.' लिहून पुढे सासरचं नाव घातलेलं. ते डबे 'आमच्या आडनावाचे आहेत' म्हणून सासरच्यांनी ठेवून घेतले! आपापल्या घरी जाऊन भांडी उलटी करून पाहा. नुसतं तुमचं, तुम्ही जन्मापासून वापरलेलं नाव किती भांड्यांवर आहे?

फ्रीजवर तर तेवढंही नसतं. तिथे असते ती कंपनीची पट्टी. बाईकडे पावती नसते, कारण बिल वडिलांच्या नावाने फाटलेलं असतं आणि वडील जाऊन दहा वर्षं झालेली असतात. मॉडेल नंबर कुणी लिहून ठेवत नाही. उरतो रंग आणि पोचे. बाईला आठवतं ते याच खुणांनी: आंब्याच्या मोसमात दार जोरात लावलं तेव्हा पडलेला पोचा, थोरल्याने खिळ्याने ओढलेली रेघ, मेंदीचा रंग. ही साक्ष आहे. तिला साक्षीचा दर्जा नाही, कारण ती बाईच्या बोलीत आहे.

आणि बोली तरी किती नेमकी! आमसुली, अबोली, मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, पोपटी, शेवाळी, गव्हाळ, विटकरी, मोतिया, श्रीखंडी. एका 'हिरव्या'च्या पोटात बायका पाच-सहा रंग सहज वेगळे काढतात. अव्होकाडोपेक्षा ही नावं जास्त पक्की आहेत, कारण प्रत्येक बाईने तो पदार्थ, ते फूल, ते शेवाळ हातात घेतलेलं आहे. यादी करणाऱ्या लेखनिकाने 'मेंदी' ऐकलं आणि 'हिरवा' लिहिलं. त्याला वाटलं, आपण सोपं केलं. त्याच्या त्या एका शब्दाने मावशींचा फ्रीज गेला.

कायदा आपल्या बाजूने आहे, कागद नाही

हा फ्रीज मावशींचाच होता याबद्दल कायद्यात शंका नाही. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधनावर बाईची संपूर्ण मालकी असते. सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरलं तरी ते परत करण्याची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या १९ व्या कलमाखाली दंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. विश्वासघाताचं जुनं ४०५-४०६ आता ३१६ झालं, ४९८-अ चं ८५ आणि ८६ झालं. आकडे बदलले, हक्क तोच आहे.

आणि यादी? हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ सालीच नियम झाले आहेत की लग्नाच्या वेळी वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची, प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, वधूवरांनी सही किंवा अंगठा करायचा, आणि वधूच्या भेटींची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. इतक्या वर्षांच्या कामात अशी यादी हातात घेऊन आलेली एकही बाई मला भेटलेली नाही. मंगल कार्यालयात आहेराची वही असते, पण ती पाकिटातल्या पैशांची, आणि ती नेहमी कुणा काकांच्या बगलेत असते.

इथे आपल्यातल्याच काही जणी म्हणतील की आपण हुंड्याविरुद्ध लढणाऱ्या. मग याद्या करायला सांगणं म्हणजे हुंड्याला मान्यता देणं नाही का? हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. हुंडा द्यायचा नाही, घ्यायचा नाही, यावर तडजोड नाही. पण १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याचं सहावं कलमच सांगतं की दिला गेलेला हुंडा दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर तो त्या बाईला मिळाला पाहिजे. जे देऊन झालं आहे ते गुन्हेगाराच्या घरात राहू देण्याने हुंड्याची प्रथा मोडत नाही. त्याचा फायदा तेवढा पक्का होतो.

दुसरा युक्तिवाद न्यायालयाच्या पायऱ्यांवर ऐकू येतो: "जुना फ्रीज घेऊन काय करणार? पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा." मावशींना त्या फ्रीजपायी घसारा धरून दीड हजार रुपये देऊ केले होते. त्यांच्या लेखी हिशेब वेगळा होता. त्या फ्रीजमध्ये पेप्सीच्या कांड्या गोठवून त्यांनी वीस उन्हाळे शाळेतल्या पोरांना विकल्या. मोठ्या मुलीच्या बारावीची फी त्यातून गेली. 'जुना' म्हणून ज्याची किंमत कापली जाते तो जुनेपणा म्हणजे तिच्याच श्रमाची वर्षं आहेत. दीड हजारात नवा फ्रीज येत नाही, आणि नव्याच्या दुकानात तिला पुन्हा तेवढंच विचारणार: रंग कुठला दाखवू?

आमचं चुकलं ते

आमचंही चुकलं, आणि ते लिहिलं पाहिजे. पहिली चूक, यादी आम्ही तयार मिळाली तशी स्वीकारली, मावशींना समोर बसवून वाचून दाखवली नाही. दुसरी, रंग कसा बदलतो याची आम्हाला काहीच माहिती नव्हती. पंचनाम्यानंतर मी फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे जाऊन बसले. तो म्हणाला, जुन्या भट्टीच्या रंगाचा पत्रा उन्हाने फिका पडतो, फोडणीच्या धुराने आणि तेलाने पिवळा पडतो. पांढऱ्या मिक्सरचं प्लास्टिकही असंच पिवळं होतं. पण जिथे ऊन आणि धूर पोचत नाही तिथे मूळ रंग राहतो: दाराच्या रबराखाली, बिजागरीच्या मागे, कंपनीच्या पट्टीच्या आड, पाठीमागे आणि तळाशी. पुढून वेगळा रंग मारलेला असला तरी या जागा सहसा सुटतात. हे आम्हाला त्या दिवशी माहीत असतं तर हवालदारांसमोर रबर बोटाने मागे सारायला एक मिनिट लागलं असतं.

आम्ही पुन्हा अर्ज केला, पुन्हा गेलो. ओट्याशेजारी फ्रीजच्या चार पायांचे डाग फरशीवर होते, फ्रीज नव्हता. 'भंगारात दिला.' ही आमची तिसरी आणि सगळ्यात मोठी चूक. २००५ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाखाली स्त्रीधन विकू नये, हलवू नये असा मनाई आदेश पहिल्याच अर्जात मागता येतो. आम्ही तो मागितलाच नव्हता.

तेव्हा आपण काय करायचं

मैत्रिणींनो, आपापल्या गटात, सल्ला केंद्रात, बचत गटाच्या बैठकीत हे करता येईल:

१. यादी बाईच्या तोंडच्या शब्दांत लिहायची. ती मेंदी म्हणाली तर 'मेंदी' लिहायचं, आणि पुढे 'आता फिका पडून पिवळट दिसत असेल' हेही. पोचा, रेघ, बदललेली मूठ, ठिगळ लावलेलं रबर, सगळं लिहायचं. मग तिला ती वाचून दाखवायची आणि तिने होकार दिल्याशिवाय सही घ्यायची नाही.

२. मिक्सर, फ्रीज, शेगडीच्या पाठीवरचा नंबर आजच उतरवून घ्यायचा. भांडण झाल्यावर नव्हे, घरात सगळं बरं असताना. लग्नातले फोटो, सत्यनारायणाच्या पूजेचे फोटो, पोरांच्या वाढदिवसाचे फोटो यांत मागे उभा असलेला फ्रीज हा पुरावा आहे. त्यांच्या प्रती माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवायच्या.

३. पहिल्याच अर्जात मनाई आदेश मागायचा. स्त्रीधनाची यादी कौटुंबिक घटनेच्या अहवालाला जोडायची, आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडून तिची पोच घ्यायची.

४. पंचनाम्याला बाई पंच म्हणून मागायची. पंच पुरुषच असावेत असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. शेजारीण असेल, घरकाम करणारी असेल, जिला ती वस्तू माहीत आहे तिची साक्ष नोंदवून घ्यायचा आग्रह धरायचा.

५. नव्या वस्तूचं बिल बाईच्या नावाने करायचं. पैसे वडिलांनी देवोत, नवऱ्याने देवोत किंवा तिने स्वतः हप्त्याने फेडोत. आणि भांड्यांवर नाव घालायचंच असेल तर तिचं घाला, नुसतं तिचं.

पोलिसांच्या आणि लेखनिकांच्या प्रशिक्षणातही हा भाग यायला हवा. १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांच्या यंत्रणेतच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, तेव्हापासून समाजकार्यकर्त्या आणि पोलीस यांनी एकत्र काम करण्याची वाट आहे. त्या वाटेवर आता ही मागणी न्यायची आहे: पंचनाम्यात वस्तूचं वर्णन फिर्यादी बाईच्या शब्दांत नोंदवलं जावं आणि लेखनिकाने ते 'सोपं' करू नये.

बाजाराने बाईच्या नजरेची किंमत केली आहे. तिला रंग कळतो म्हणून तो रंगांना पाकळ्यांची आणि फळांची नावं देतो आणि त्यावर नफा कमावतो. नवऱ्याच्या घरातून वस्तू परत मागायची वेळ आली की तीच नजर भरवशाची राहत नाही. दुकानात चालते ती साक्ष ठाण्यात का चालू नये, हे आपण विचारलं पाहिजे.

मावशी आता मुलीकडे राहतात. परवा एका नव्या बाईची यादी करताना त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या बाईने मिक्सरचा रंग 'पांढरा' सांगितला. मावशींनी तिला थांबवलं. "नीट आठव. दुधासारखा की साईसारखा?" बाई थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "साईसारखा. आणि झाकणाला डाव्या बाजूला तडा आहे." मी ते तसंच लिहून घेतलं.